अंगणातला धोंडा

पडेगावात आमच्या घराची खूण सांगताना लोक म्हणायचे, "दौलताबादच्या रस्त्यानं सरळ जा, अन् ज्या अंगणात लोखंडाचा धोंडा दिसंल तिथं वळा." धोंडा हे नाव मायनं पाडलं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, मात्र त्याला शेवटपर्यंत ट्रान्सफॉर्मरच म्हणत, तेही हलक्या आवाजात, घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव घ्यावं तसं. काळपट राखाडी रंगाची उभी पेटी, दोन्ही बाजूंना बरगड्यांसारख्या नळ्या आणि डोक्यावर चिनीमातीचे तपकिरी, वळ्यावळ्यांचे तीन खांब. लहानपणी मला ती तीन तोंडांची देवी वाटायची. असं वाटणारी मी एकटी नव्हते. दसऱ्याला दादा हत्यारांची पूजा करत, तेव्हा त्यालाही हळदीकुंकू लागायचं. एकदा दसऱ्यानंतर रस्त्यानं जाणारी एक म्हातारी आत आली, तिनं तांब्याभर पाणी त्याच्यावर ओतलं, डोकं टेकवलं आणि निघून गेली. माय दारातून पाहत होती. म्हणाली, "बघा, धोंड्याला आता भक्तबी मिळाले."

दादा एका जिनिंग फॅक्टरीत वायरमन होते. कापूस येणं कमी झालं आणि फॅक्टरी बंद पडली, तेव्हा म्हाताऱ्या शेटजींनी जुन्या माणसांना बोलावून सांगितलं, आठवण म्हणून जे पाहिजे ते घेऊन जा. कुणी भिंतीवरचं घड्याळ घेतलं, कुणी पंखा, कुणी शेटजींच्या बैठकीतलं सागवानी कपाट. दादांनी मागितला दिवाबत्तीसाठीचा लहान ट्रान्सफॉर्मर. लहान म्हणजे फॅक्टरीच्या हिशेबानं लहान. गावाकडून थोरल्या काकांची बैलगाडी मागवली, तिची साटी वाकली, बैलांच्या तोंडाला फेस आला आणि अर्ध्या गल्लीनं हात लावून ओंडक्यांवरून तो अंगणात सरकवला. तुळशी आणि न्हाणीच्या मधे तो टेकला, आणि तिथून हलवण्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मायनं त्या दिवशी ज्वारी निवडता निवडता एवढंच म्हटलं, "लोकांच्या घरी घड्याळ आलं, आमच्या घरी धोंडा आला." दादा म्हणाले, "उद्या कामाला येईल." तो उद्या यायला बरीच वर्षं लागली.

दरम्यान मायनंच त्याला कामाला लावलं. उन्हाळ्यात त्याच्या माथ्यावर कुरडया आणि सांडगे वाळायचे. लोखंड तापलं की सांडगे खालूनही वाळतात, असं ती शेजारणींना कौतुकानं सांगायची, आणि लगेच आठवण होऊन म्हणायची, "तेवढाच उपेग." थंडीच्या सकाळी माझी थोरली बहीण आक्का आणि मी उन्हानं कोमट झालेल्या नळ्यांना पाठ लावून बसायचो. चुलीवर शेंगोळ्यांना उकळी फुटलेली असायची, लसणाचा आणि हुलग्याचा वास अंगणभर पसरायचा, आणि आमच्या पाठीमागून येणारा तेलाचा जुना, जडसा वास त्यात मिसळायचा. अजूनही शेंगोळे खाताना मला काहीतरी कमी असल्यासारखं वाटतं. सून म्हणते, मीठ कमी आहे का? मी नाही म्हणते. काय कमी आहे ते सांगितलं तर ती मला डॉक्टरकडे नेईल.

फॅक्टरी सुटल्यावर दादांनी घरातच वाइंडिंगचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरायचं, काम सुरू केलं. जळालेले पंखे, मोटारी, विहिरीवरचे पंप यायचे. पंप तपासायचे म्हणून त्यांनी वर्कशॉपची थ्री-फेज लाईन घेतली होती, त्याचा आमच्या गल्लीत फार रुबाब होता. ओसरीवर त्यांची बैठक, आणि आतल्या खोलीत, दाराआड, माझी. हे असं का झालं ते सांगते. शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना माझ्या लक्षात आलं की दादा बारीक तार भरताना डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त पाहतात. डोळ्यांत काहीतरी उतरत होतं. ते त्याबद्दल बोलत नसत, आणि आम्हीही विचारत नसू. एकदा पंख्याच्या कॉइलची तार तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मी त्यांच्या हातातून फिरकी घेतली. त्यांनी दिली. तेव्हापासून बारीक काम मी करायची आणि दादा गिऱ्हाइकाशी बोलायचे. पोरीनं भरलेला पंप कोण नेणार? म्हणून दार लोटलेलं असायचं. त्या फटीतून मला गिऱ्हाइकांच्या चपला तेवढ्या दिसायच्या. कोण शेतकरी, कोण नोकरदार, कोण छावणीतला जवान, हे मी चपलांवरून ओळखायची.

आमच्या भिंतीच्या पलीकडं, रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत घिसाड्यांची पालं होती. त्यातलं आमच्या भिंतीला लागूनचं पाल चंद्राचं. घिसाड्यांमधे नवरा लाल लोखंड सांडशीत धरतो आणि बायको घण मारते. चंद्राचा घण आमच्या घरात सकाळ झाल्याची खूण होता. ती तिशीची असेल, काळीसावळी, सडसडीत; कपाळावर गोंदण आणि दंडाला दोरखंडासारखा पीळ. घरी नवऱ्याशी त्यांच्या बोलीत बोलायची, आमच्याशी आमच्यासारखं. मायचे विळे, उलथनी, तवे तिच्याकडंच जायचे. पण विळ्या-तव्यांवर किती दिवस भागणार? त्यांचं खरं काम बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्याचं, आणि गाड्यांना आता रबरी टायर यायला लागले होते. राहिलेलं मोडकंतोडकं छावणीतल्या वेल्डिंगच्या दुकानांत जायचं. चंद्राच्या नवऱ्याला, भिवाजीला, भट्टीच्या धुरानं दम लागलेला. त्या वर्षी घण ऐकू न येणाऱ्या सकाळी वाढत चालल्या होत्या. दिवाळीत ऊसतोडीचा ट्रक येणार आणि सगळी पालं त्यात चढून जाणार, असं ठरल्याचं कानावर आलं होतं.

त्याच वर्षी आक्काचं लग्न ठरलं. तुळशीच्या लग्नानंतरची तिथी निघाली. मांडव दारात, म्हणजे अंगणात, आणि अंगणाच्या बरोबर मधे धोंडा. मायनं दादांसमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "आता तरी काढा. का वरातीला त्याच्यावर बसवायचं?" दादांनी बशीतला चहा संपवला. बशी उपडी ठेवली. म्हणाले, "काढतो." मला वाटलं होतं वाद होईल. वाद झाला नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं. दादांनी तो एवढी वर्षं कशासाठी ठेवला होता ते मला माहीत होतं. कधीतरी त्यातलं तांबं आणि पत्रा वापरून स्वतःच्या हातानं काहीतरी मोठं बांधायचं, असं ते मला वाइंडिंग शिकवताना बोलून जायचे. 'काढतो' म्हणताना त्यांनी कशाचा नाद सोडला, ते मायला कळलं की नाही हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दसरा उलटल्यावर एका सकाळी छावणीतले भंगारवाले हमीदचाचा हातगाडा आणि दोन गडी घेऊन आले. धोंड्याभोवती एक फेरी मारून त्यांनी दाढी खाजवली. "भाभी, ये पूरा तो उठता नई. तोडके लेके जाना पडेंगा." मग भिंतीवरून पलीकडं हाक मारून त्यांनी चंद्राला बोलावलं, कारण त्या सगळ्या टापूत तिच्या घणाएवढा मोठा घण कुणाकडं नव्हता. चंद्रा घण खांद्यावर घेऊन आली. तिनं तो जमिनीवर टेकवला, पेटीच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, नळ्यांवरून हात फिरवला.

"मिस्त्री, हे बिघडलंय का?" तिनं विचारलं.

दादा ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. "बिघडलं नाय. फॅक्टरी बंद झाली म्हनून बसलंय."

"मग फोडायचं कामून?"

"जागा अडलीय. पोरीचं लगीन हाय."

"ह्याचं दुसरं काय व्हत नाय?"

"व्हतं की," दादा म्हणाले. ते एक पायरी खाली उतरले, आणि त्यांचा आवाज बदलला. "आतली गुंडाळी काढून नव्यानं भरली तर ह्याचं वेल्डिंगचं मशीन व्हतं. तेलातलं. लई दांडगं. दिवसभर चालवलं तरी तापत नाय."

चंद्रा हसली, पण ते हसू काही गोड नव्हतं. "त्या वेल्डिंगनंच तर आमची भाकर खाल्ली, मिस्त्री." आणि तिनं पदर कमरेला खोचला, घणाच्या दांड्याला हात घातला. तिला तरी काय, दिवसाचं काम मिळालं होतं.

माय दारात उभी होती. भाकरी थापता थापता उठून आलेली, दोन्ही हातांना ज्वारीचं पीठ. तिनं एकदा दादांकडं पाहिलं, एकदा चंद्राकडं, आणि अगदी साध्या आवाजात, तवा उसना द्यायला सांगावं तसं म्हणाली, "मंग हिलाच द्या की."

हमीदचाचांच्या गड्यानं ओढत असलेली विडी तशीच धरून ठेवली.

"नुसतं देऊन ती काय करंल?" दादा म्हणाले. "अख्खं उकलून नव्यानं बांधावं लागतंय. अन् मला..." ते थांबले. "मला आता दिसत नाय तेवढं."

हे ते पहिल्यांदाच बोलले होते. आमच्यासमोर, हमीदचाचांसमोर, सगळ्यांसमोर.

"नली हाय की," माय म्हणाली. "दाराआड पंख्याच्या तारा कोन भरतंय, मला ठावं नाय व्हय?"

चंद्रानं घण खाली ठेवला आणि ती त्याच्या दांड्यावरच बसली. भिकेत काही नको, असं काहीतरी ती पुटपुटली. माय म्हणाली, भीक नाही, माझं अंगण मोकळं होतंय. तूच माझ्यावर उपकार करतीयस. हमीदचाचांनी सगळ्यांची तोंडं पाहिली आणि टोपी नीट केली. "नक्को तो नक्को. लोहा कहां भागता?" पुढं त्यांनीच आपली चैनपुली आम्हाला वापरायला दिली. ती परत नेताना मायनं बांधून दिलेले सांडगेही नेले.

मग आमच्या अंगणात जे सुरू झालं ते लग्नाच्या तयारीसारखंच होतं, फक्त हळदीच्या जागी तेल होतं. भिवाजीनं बल्ल्यांची तिपाई उभी केली, तिला पुली टांगली. दादांनी झाकणाचे बोल्ट सोडायला सांगितले आणि आतला गाभा साखळीनं हळूहळू वर आला, काळं तेल गाळत. दादा जवळ गेले. डोळे जवळजवळ मिटून त्यांनी गाभ्यावर दोन्ही हात फिरवले आणि मला सांगायला लागले: ही जाड पट्टी सोडव, ही आपल्याला परत वापरायची, हे बारीक आहे ते वेगळं ठेव, इथं कागद जळालाय, इथं नाही. मी पाहायची आणि ते हातांनी ताडून बघायचे. पत्र्याच्या पातळ पट्ट्या एकेक काढून रॉकेलनं पुसायला आक्कासुद्धा बसली. होणारी नवरी, आणि नखांत काजळी. माय तिच्यावर ओरडायची आणि पट्ट्या वाळवायला स्वतःच जुनी लुगडी अंथरायची.

जाड तांब्याची पट्टी गुंडाळणं एका माणसाचं काम नाही. मी सुती फीत लावून पट्टी धरायची, आणि चंद्रा लाकडी हातोड्यानं ती साच्यावर बसवायची. इतकी वर्षं तिचा घण भिंतीपलीकडून ऐकलेला, त्यामुळं मी आधी धास्तावले होते. पण तिचा हातोडा पट्टीवर असा पडायचा, जसं आई झोपलेल्या लेकराला थोपटते. फीत कुठं कातरली जात नव्हती. उलट माझीच पहिली गुंडाळी दादांना पसंत पडली नाही. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, वळणावर थांबले आणि म्हणाले, "इथं फीत विरलीय. उकल." सगळी सकाळ त्यात गेली होती. मी उकलली. चंद्रा म्हणाली, "रडतीस कशाला, लोखंड बी एका तावात कुठं वळतंय?" मी रडत नव्हते, निदान मला तसं वाटत नव्हतं.

जेवायला चंद्रा आधी भिंतीपलीकडं जायची. मग माय तिला भाकरी आणि अंबाडीची भाजी द्यायला लागली, पण ओसरीच्या कडेला, वेगळ्या ताटलीत. तशी रीत होती, आणि माय रीत पाळणारी होती. हे मी झाकून ठेवणार नाही. एका दुपारी आम्ही दोघी कॉइलला वार्निश लावत होतो, दोघींचे हात कोपरापर्यंत चिकट, आणि काम मधे सोडता येण्यासारखं नव्हतं. माय ताट घेऊन आली, आमच्या मधे उकिडवी बसली. भाकरीचा तुकडा मोडून, ठेच्याला लावून तिनं माझ्या तोंडात दिला. आणि त्याच हातानं दुसरा तुकडा चंद्राच्या. चंद्रा घास तोंडात धरून क्षणभर तशीच बसली होती, एवढं मला आठवतं. त्यानंतर ती वेगळी ताटली फडताळात वर गेली आणि खाली आली नाही. मायनं या गोष्टीचा उल्लेख आयुष्यात कधी केला नाही. मी एकदा काढला तर म्हणाली, "भूक लागली व्हती पोरीला, त्यात काय एवढं."

ऊसतोडीचा ट्रक अपेक्षेपेक्षा आधीच आला. कॉइली आश्विनाच्या उन्हात वाळून तयार होत्या, गाभा परत पेटीत उतरवला होता, तेल गाळून भरायचं चाललं होतं. रस्त्यावर भोंगा वाजायला लागला. पालं उतरवलेली, कोंबड्या टोपल्यांत, म्हातारी माणसं ट्रकच्या फळकुटावर. भिवाजीनंही आपली बोचकी वर चढवली होती. त्याला दोष कसा देऊ? त्यानं आजवर आपल्या लोकांबरोबर जाणं सोडून दुसरं काही केलं नव्हतं, आणि इथं त्याच्या हाती होतं काय, तर एका मिस्त्रीचा शब्द आणि त्याच्या पोरीनं गुंडाळलेली तार. चंद्रा आमच्या अंगणात आली. मुकादम ट्रकमधून हाका मारत होता.

"मिस्त्री, चालंल का हे?" तिनं विचारलं.

दादा म्हणाले, "मला नको इचारू. जिनं भरलंय तिला इचार."

ती माझ्याकडं वळली. तशा नजरेनं माझ्याकडं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. मी टेस्टिंगचा दिवा जोडला. अशा वेळी मशीनच्या आधी दिवा जोडतात. आत कुठं तार तारेला भिडली असेल तर तो लख्ख पेटतो, आणि सगळं ठीक असेल तर अंधूक राहतो. मी खटका दाबला. दिव्याची तार फक्त लालसर झाली, विझत्या उदबत्तीसारखी, आणि तशीच राहिली. पेटीतून बारीक घुमघुम ऐकू यायला लागली. मी म्हणाले, "चालंल."

चंद्रा बाहेर गेली. आम्ही भिंतीवरून पाहत होतो. तिनं ट्रकवर चढून स्वतःची बोचकी एकामागून एक खाली टाकली, मग ऐरण ओढायला लागली. भिवाजी तिच्यावर ओरडत होता, मुकादम भिवाजीवर. शेवटी भिवाजीनंच ऐरणीचं दुसरं टोक धरलं. ट्रक निघून गेला आणि रस्त्यावर धुळीत ते दोघं, त्यांची लेक आणि एक कोंबडीची टोपली राहिली. चंद्राच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. भीती होती. मलाही तीच वाटत होती.

मशीन द्यायचं म्हणजे ठेवायचं कुठं, हा प्रश्न होताच. पालात वीज कुठली? तेही मायनंच सोडवलं. भिंतीला भोक पाडायचं, आमच्या लाईनीवरून केबल पलीकडं न्यायची आणि भिंतीला टेकून पत्र्याची शेड घालायची. पुन्हा ओंडके, पुन्हा अर्धी गल्ली, आणि धोंडा अंगणातून निघाला तो भिंतीच्या पलीकडं जाऊन बसला. इतक्या वर्षांनी गेला आणि गेला कुठं, तर शेजारी. माय म्हणाली, "चला, सासर जवळच मिळालं."

फॅक्टरीत शिकलेलं वेल्डिंग दादांनी चंद्राला शिकवलं. काळी काच डोळ्यांसमोर धरायचीच, हे त्यांनी बजावलं होतं. पण लाल लोखंडाकडं उघड्या डोळ्यांनी पाहत वाढलेली ती, तिला ती काच म्हणजे अडगळ वाटली. पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तिचे डोळे सुजले, वाळू भरल्यासारखे जळायला लागले. ती आमच्या ओसरीवर पडून होती आणि माय तिच्या पापण्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवत होती. भिवाजी बाजूला बसून म्हणत होता, ट्रकात बसलो असतो तर डोळे तरी राहिले असते. दादा काठी टेकत आले आणि तिच्या उशाशी बसले. ते म्हणाले, "चंद्रा, डोळं जाणं काय असतं ते मला इचार. काच सोडायची नाय." त्यानंतर तिनं काच कधी सोडली नाही. डोळे निवले तशी ती परत उभी राहिली आणि गाडीची जुनी धाव तोडून तिचे तुकडे जोडत बसली. सांधे आधी शेणाच्या गोळ्यांसारखे, मग हळूहळू माशाच्या खवल्यांसारखे, एकसारखे. आक्काच्या लग्नात मांडवाचे खांब रोवायला लोखंडी पाय तिनंच करून दिले. वराकडच्या एका मामांनी विचारलं, भिंतीला लागून ही घिसाड्यांची शेड कशी काय? माय म्हणाली, "आमची हाय," आणि त्यांच्या पानात बुंदी वाढली.

पुढं चंद्रानं पंपांचे पाइप जोडले, नांगराचे फाळ, शाळेचं फाटक, हर्सूलपर्यंतच्या कितीतरी घरांच्या खिडक्या. भिवाजी मोजमापं घ्यायचा, ती जोडायची. त्यांची लेक शाळेत गेली, ती मॅट्रिक झाल्याचे पेढे चंद्रानं आधी आमच्या घरी आणले. आता पडेगावातली जुनी माणसंसुद्धा ती जागा दाखवू शकणार नाहीत. तेव्हा शहर छावणीपाशी संपायचं, आज छत्रपती संभाजीनगरच्या इमारती आमच्या दारावरून पुढं निघून गेल्या आहेत. मशीनचं काय झालं असं नातवंडं विचारतात. ते झिजलं. एका माणसाला उचलता येतील अशी लहान मशिनं आली, आणि एक दिवस चंद्राच्या लेकीनं ते विकून टाकलं. तिनं मला आधी विचारलं होतं. मी म्हणाले, तुझं आहे, तू ठरव. मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण नाही वाटलं.

मला सांगायचं आहे ते त्याच हिवाळ्यातलं. आक्का सासरी गेली होती, मांडव उतरला होता, आणि रिकाम्या अंगणात मायनं मेथी लावली होती. दादा ओसरीवर उन्हात बसले होते. मी दाराआड नव्हते. धोंड्याचं काम अंगणात केल्यापासून पुन्हा आतल्या खोलीत जाऊन बसायचं मला सुचलंच नव्हतं, आणि कुणी तसं सांगितलंही नव्हतं. दादांच्या शेजारी घोंगडं टाकून मी पंखा उकलत होते. तेवढ्यात एक शेतकरी बैलगाडीतून पंप घेऊन आला. उंच, पांढरा पटका, पायात जाड कातडी वहाणा. वहाणांवरून मी ओळखलं असतं तो कोण ते. पण या वेळी मला त्याचं तोंडही दिसत होतं.

"मिस्त्री कुठं हायेत?" त्यानं विचारलं. त्याची नजर दादांच्या काठीवर गेली, त्यांच्या डोळ्यांवर गेली, आणि तो जरा घुटमळला. "वाइंडिंग करणारे मिस्त्री?"

दादांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मला वाटलं, नेहमीसारखं ते म्हणतील, ठेवा इथं, दोन दिवसांनी या.

"समोर बसलीय," ते म्हणाले.

माणसानं ओसरीभर पाहिलं, अंगणात पाहिलं, माझ्यावरून नजर पुढं गेली आणि परत आली. दादांनी पुढं एक अक्षरही काढलं नाही. ते गप्प बसले, अगदी ठरवून, आणि त्यांच्या त्या गप्पपणात पुढचं सगळं माझ्यावर सोपवलेलं आहे हे मला समजलं. आत मायच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

मी हात फडक्याला पुसले, उठले, गाडीपाशी गेले आणि पंपाचं झाकण हुंगलं. वार्निश जळाल्याचा उग्र वास होता.

"विहिरीत पाणी कमी असताना चालवला का हो?" मी विचारलं.

मग त्यानं पटका मागं सारला आणि डोकं खाजवत, थोडा ओशाळून म्हणाला, "व्हय. कोरडाच चालला वाटतं, मिस्त्री."